बाबा म्हणाले, सोडा

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेली नाही. बायकोसमोर नाही, मित्रांसमोर नाही. देवासमोर हात जोडतो तेव्हाही मी ती वगळूनच बोलतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. उद्या आपण खांदेश्वर स्टेशनबाहेर समोरासमोर आलो, तरी तुम्ही आपल्या वाटेनं जाल, मी माझ्या. एवढा आडोसा आहे म्हणूनच मला बोलता येतंय. हाही भित्रेपणाच – पण त्याची ओळख तुम्हाला पुढे होणारच आहे.

मी महेश. न्हावा शेव्याला कंटेनरची कागदपत्रं बघणाऱ्या एका ऑफिसात कामाला आहे. बायको सुजाता, मुलगी मुक्ता. तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. सात वर्षांपूर्वी माझ्याकडे एक छोटी, सेकंड हँड घेतलेली गाडी होती. रोज उरणच्या रस्त्यावर ट्रेलरच्या मागेपुढे हादरे खात तिची पुढची बाजू पार बसली होती. स्पीडब्रेकरवर खालून कड्कन आवाज यायचा. मेकॅनिकनं वाकून बघितलं आणि सांगितलं, पुढच्या दोन्ही स्प्रिंगा गेल्यात, डावीचा तर खालचा वेढाच तुटलाय.

गाडी गॅरेजला टाकायची आणि संध्याकाळी घेऊन यायची – एवढंच करायचं होतं. का नाही केलं? मी मोबाइलवर व्हिडिओ बघत होतो. कुठलातरी माणूस आपल्या घराच्या अंगणात, शांतपणे, एकेक नट खोलून स्प्रिंग बदलताना दाखवत होता. मला वाटलं, हे आपणही करू. दिवसभर कागदांवर शिक्के मारणाऱ्या माणसाला कधीतरी हाताला ग्रीस लागावं असं वाटतं. आणि घरात एक फिटर होता. माझे सासरे.

त्यांना आम्ही सगळे बाबाच म्हणायचो. मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी इकडे आले आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं फिटर म्हणून राहिले. सासूबाई गेल्यावर ते घणसोली गावात, जुन्या गावठाणातल्या एका खोलीत एकटेच राहत. सुजाता त्यांना आमच्याकडे या म्हणायची. ते म्हणायचे, येतो की रविवारी. आणि यायचे. येताना कधी मेथीची जुडी, कधी मुक्तासाठी चिक्की. पण खरं येणं असायचं ते काहीतरी दुरुस्त करायला. मिक्सर, कुकरचं हँडल, बाथरूमचा नळ, मुक्ताची सायकल. काहीच बिघडलेलं नसलं की ते जरा उदास व्हायचे आणि दरवाजाच्या बिजागऱ्यांना तेल देत बसायचे.

चौतीस वर्षांत माझ्या हाताखाली कुणाच्या बोटालाही खरचटलं न्हाई, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. बढाई म्हणून नाही सांगायचे. दुसरा माणूस आपली डिग्री सांगतो, तसं सांगायचे.

स्प्रिंगांचं बोललो तेव्हा त्यांचा चेहरा कसा उजळला होता. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसातला दारात हजर. खांद्यावर पंचा, हातात पान्यांची पेटी. चहासुद्धा उभ्यानं घेतला.

तुम्हाला थोडं समजावून सांगावं लागेल. नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही.

गाडीच्या पुढच्या चाकामागे एक जाड नळकांडं असतं, त्याला गॅरेजमध्ये शॉकअप म्हणतात. त्याच्याभोवती स्प्रिंग असते. ती तिथं दाबलेल्या अवस्थेत बसवलेली असते आणि तिला वरून एक लोखंडी चकती रोखून धरते. चकतीच्या मधोमध एक नट. तो नट सोडायच्या आधी स्प्रिंग आणखी दाबून बांधून ठेवावी लागते. त्यासाठी दोन लांब स्क्रू मिळतात, त्यांच्या टोकांना आकडे असतात. एक आकडा वरच्या वेढ्यात, एक खालच्या, आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडे थोडे आवळत जायचं. स्प्रिंग चकतीपासून सुटी झाली, चकती बोटानं सहज फिरायला लागली, की मगच नटाला हात लावायचा. त्याआधी लावला, तर एवढी दाबलेली स्प्रिंग चकतीसकट उडते. हे मला माहीत होतं. व्हिडिओत सांगितलं होतं. बाबांनीही सकाळीच सांगितलं होतं.

खाली पार्किंगमध्ये उजवी बाजू अकरापर्यंत झाली. काय सुरेख झाली! गाडी स्टँडवर, चाक बाजूला, शॉकअप पुठ्ठ्यावर आडवा. बाबा उकिडवे बसून आकडे आवळत होते, एकदा इकडचा, एकदा तिकडचा, मनात फेरे मोजल्यासारखे ओठ हलवत. मग चकती बोटानं फिरवून बघितली, मान हलवली आणि म्हणाले, “हां, महेशराव. सोडा आता.” मी नट सोडला. अगदी अलगद निघाला. नवी स्प्रिंग बसली. मला लहान मुलासारखा आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

मग डावी बाजू. तिचा खालचा वेढा तुटलेला, त्यामुळे आकड्याला धड जागाच मिळेना. बाबांनी दोनदा बसवला, दोनदा काढला. घाम डोळ्यांत जात होता. तिसऱ्यांदा बसवला, थोडा आवळला, वाकून बघितलं आणि हात वर केला.

“थांबा. ह्यो आकडा तिरका बसलाय. नटाला हात लावू नका. चष्मा घेऊन येतो.”

चष्मा त्यांनी वॉचमनच्या केबिनजवळच्या नळावर तोंड धुताना काढून ठेवला होता. ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून सावरले आणि केबिनकडे निघाले. वीस-पंचवीस पावलं असतील.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे एक शेजारी पिशवी घेऊन बाजारातून आले. थांबले, बघितलं आणि हसत म्हणाले, “काय महेश, सासरे काम करतायत आणि तू नुसते पाने देतोयस होय?” एवढंच. गंमत केली आणि लिफ्टमध्ये गेले. लिफ्टचं दार लागेपर्यंत त्यांचं हसू ऐकू येत होतं.

आणि मी पाना उचलला.

हे वाक्य सांगायला मला सात वर्षं लागली. मी पाना उचलला आणि नटाला लावला. चकती फिरत नव्हती. मी बोटानं ढकलून बघितलीसुद्धा – जरासुद्धा हलली नाही. म्हणजे स्प्रिंग सुटी झालेली नव्हती. नट सकाळच्यासारखा अलगद येत नव्हता, जड येत होता. मला सगळं कळत होतं. तरी मी फिरवला. का? बाबा परत येतील तेव्हा नट माझ्या हातात असावा म्हणून. एका शेजाऱ्याच्या फालतू गमतीला उत्तर द्यायचं होतं, आणि तो तर केव्हाच घरी पोचला होता.

सुजाता जिन्यातून बाहेर आली. हातात ट्रे, चहाचे तीन कप. मी तिला बघितलं. “चहा” म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि माझ्या हाताखाली बंदुकीसारखा बार झाला.

चकती माझ्या कानाजवळून गेली. मला वारा लागला.

सुजाता ओरडली नाही. ती हळूच खाली बसली, जमिनीवर काही शोधायला बसावं तशी, आणि डाव्या गालावर हात ठेवून विचारलं, “काय झालं?” बोटांमधून रक्त येत होतं. बाबा केबिनकडून धावत आले. चष्मा हातातच होता. त्यांनी खांद्यावरचा पंचा तिच्या चेहऱ्यावर दाबून धरला, तिचं डोकं आपल्या छातीशी घेतलं आणि मला म्हणाले, “रिक्षा, महेशराव! रिक्षा!” मी तिथंच उभा होतो. पाना हातात. त्यांनी दुसऱ्यांदा ओरडल्यावर मी पळालो.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गालाचं हाड जुळवलं, डोळा जागेवर ठेवला, पण त्याची नजर गेली. डाव्या डोळ्यानं तिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

इथपर्यंत जे झालं त्याला अपघात म्हणता येईल. मूर्खपणाचा, माझ्या हातून झालेला, पण अपघात. मी इथंच थांबलो असतो, जे झालं ते सांगितलं असतं, तर तुम्हाला आज सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नसतं. सुजाता रडली असती, चिडली असती, महिनाभर बोलली नसती. कदाचित वर्षभर. पण ते आमच्या दोघांतलं राहिलं असतं.

तिसऱ्या दिवशी ती नीट शुद्धीवर होती. खोलीत मी एकटाच होतो. तिचा एक डोळा पट्टीखाली, दुसरा माझ्यावर. तिनं विचारलं, “नट कोणी सोडला?”

मी म्हणालो, “मीच सोडला.”

बघा, मी खरं बोलायला सुरुवात केली होती. पण तो उघडा डोळा माझ्यावरून हलेना. आणि मी पुढे म्हणालो, “बाबा म्हणाले सोडा, म्हणून सोडला.”

बाबा म्हणाले. दोन शब्द. ते सकाळी खरंच म्हणाले होते, उजव्या बाजूच्या वेळी. मी फक्त सकाळचे शब्द उचलून दुपारी ठेवले. किती सोपं होतं ते! मी आधी ठरवलंही नव्हतं. तोंडातून आपोआप आलं, आणि आल्यावर मला एवढं हलकं वाटलं की ते परत घ्यायचं मनातही आलं नाही.

मग मी दाराकडे बघितलं. बाबा शहाळं घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

ते आत आले, शहाळं टेबलावर ठेवलं, स्ट्रॉचा कागद काढला, ती लेकीच्या ओठांना लावली. सुजाता प्यायली नाही. तोंड भिंतीकडे फिरवून म्हणाली, “बाबा, तुमचं सगळं आयुष्य यात गेलं. तुम्हाला एवढं कळलं नाही?” त्यानंतर हा विषय तिनं त्यांच्याशी कधी काढला नाही. तेवढं एकदाच.

बाहेर कॉरिडॉरमध्ये त्यांनी मला गाठलं. आवाज अगदी हळू, कुणी ऐकू नये असा. चोरी माझी, आणि लपून ते बोलत होते.

“महेशराव, मी थांबा म्हणलो होतो न्हवं?”

त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी तिथंच मोडलो असतो, असं मला आज वाटतं – पण आज काहीही वाटायला काय जातं? ते खरंच विचारत होते. एखाद्याला वेळ विचारावी तसं.

मी म्हणालो, “नाही बाबा. सोडा म्हणालात.”

त्यांनी खाली आपल्या हातांकडे बघितलं. मान हलवली. आणि सुजाताची औषधं आणायला गेले.

सुजाता घरी आली. एका डोळ्याच्या माणसाला अंतराचा अंदाज येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे का? मला नव्हतं. पहिले काही महिने ती चहा गाळायची तो कपाच्या शेजारी ओट्यावर पडायचा. मग तिनं पातेलं कपाच्या काठाला टेकवून ओतायची सवय लावून घेतली. जिना उतरताना पायानं पायरी चाचपायची. स्कूटी विकली. ती तक्रार करणारी बाई नाही. फक्त एक झालं – घरातली कुठलीही वस्तू बिघडली की ती दुकानात पाठवायला लागली. बाबा रविवारी यायचे, पण आता त्यांच्या हातात पेटी नसायची. एकदा मुक्ताच्या सायकलची चेन उतरली होती. ती तेव्हा नऊ वर्षांची, सायकल ढकलत सरळ आजोबांकडे निघाली. स्वयंपाकघरातून सुजाताचा आवाज आला, “मुक्ता, आजोबांना देऊ नकोस. पप्पा दुकानात नेतील.”

बाबा सोफ्यावर बसले होते. हात पुढे केला होता, तो त्यांनी मांडीवर ठेवला. चेन चढवायला पाना लागत नाही, काही लागत नाही. मीच सायकल उचलली आणि नेली. चेन चढवायला, दुकानात.

पुढच्या वर्षी गणपतीनंतर मी एकदा घणसोलीला त्यांच्या खोलीवर गेलो होतो, सुजातानं दिलेला डबा द्यायला. खोली छोटी, अंगण असं काही नाही, समोर नव्या टॉवरची भिंत. ते कॉटवर बसले होते. समोर स्टुलावर स्टीलचा पेला उपडा ठेवलेला, त्यावर डब्याचं झाकण. मला बघून थोडे ओशाळले. मग म्हणाले, “बसा. जरा बगा.”

पेला म्हणजे शॉकअप. झाकण म्हणजे चकती. ते त्या दिवसाची उजळणी करत होते – किती दिवस करत होते कोण जाणे. इथं मी बसलेलो. इथं तुमी. हा आकडा तिरका होता, मला धूसर दिसत होता. म्हणून मी उठलो चष्म्यासाठी.

“आता तुमी सांगा, महेशराव. आकडा दिसत न्हाई म्हणून माणूस चष्मा आणायला उठतो. मग उठता उठता सोडा कसा म्हणंल? माझं डोकं तितंच अडकतंय.”

तुमच्या लक्षात येतंय ना? तो म्हातारा माणूस एका पेल्यावर आणि झाकणावर बरोब्बर खऱ्यापर्यंत येऊन पोचला होता. एकच पाऊल राहिलं होतं – जावई खोटं बोलतोय. आणि ते पाऊल त्यांनी टाकलं नाही. त्यांच्या मनात ते आलंच नाही, याची मला खात्री आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण त्या दिवशी तिथं असलेला दुसरा माणूस मीच होतो, आणि जे त्यांना सापडत नव्हतं ते माझ्याकडे असणार असं त्यांना वाटत होतं.

मी काय केलं? मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमानं. आणि म्हणालो, “बाबा, वय झालं की होतं असं. नका त्रास करून घेऊ. आम्ही कोणी तुम्हाला काही म्हणतोय का?”

ओरडलो असतो, उलट आरोप केला असता, तर निदान ते भांडले असते. मी मायेनं बोललो. तो हात अजून मला आठवतो. त्यांच्या खांद्याचं हाड लागलं होतं बोटांना.

त्यांनी झाकण उचलून डब्याला लावलं. निघताना मी चपला घालायला वाकलो तेव्हा कॉटखाली नजर गेली. पान्यांची पेटी नव्हती. विचारलं तर म्हणाले, गल्लीच्या तोंडाशी गॅरेज आहे, त्यांना देऊन टाकली. “ह्या हातांवर आता माझाच इस्वास न्हाई.”

त्यानंतर सुजाताला काळजी वाटायला लागली. बाबा गप्प असतात, विचारलेलं दोनदा विचारतात, बाबांना विसरायला होतंय, दाखवून आणा. मी नेलं. मी! वाशीला एका डॉक्टरांकडे. त्यांनी बाबांना घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरमधून सात-सात वजा करायला लावले, पाच वस्तूंची नावं सांगून दहा मिनिटांनी पुन्हा विचारली. बाबांनी पाचही सांगितली, त्याच क्रमानं. डॉक्टर हसून म्हणाले, “काका, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे.” मग माझ्याकडे वळून विचारलं, “तुम्हाला काय वाटलं म्हणून आणलंत यांना?”

मी म्हणालो, “घरचे म्हणाले म्हणून.”

पुन्हा तेच. कुणीतरी म्हणालं म्हणून.

परत येताना रिक्षात बाबा बाहेर बघत होते. मला भीती वाटत होती – आता ते वळतील, आता विचारतील. डॉक्टरनं सांगितलं होतं ना, सगळं ठीक आहे म्हणून? मग ते म्हणाले, “डाक्टरला काय कळतंय, महेशराव. त्यानं मला अर्धा तास बगितलं. तुमी घरचे, तुमी नेहमी बगताय.”

आणि घरी येऊन मी सुजाताला सांगितलं, वयाप्रमाणे आहे म्हणाले डॉक्टर, काळजी घ्या. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली.

नंतर नंतर बाबाच ती गोष्ट लोकांना सांगायला लागले. कुणी पाहुणा आला, सुजाताच्या डोळ्याचं विचारलं, की ते आधी बोलायचे. माझी चूक झाली. आकडा बसला न्हवता आन् मी सोडा म्हणालो. आमच्या जावयांनी माझं ऐकलं, त्यांचा काय दोष. हे ते माझ्यासमोर सांगायचे, आणि सांगताना माझी बाजू घ्यायचे. एकदाही चुकले नाहीत. माझं खोटं त्यांनी माझ्यापेक्षा नीट पाठ केलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. न्यूमोनिया झाला, आठ दिवस हॉस्पिटलात होते. सातव्या दिवशी दुपारी त्यांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क हातानं खाली ओढला. सुजाता उशाशी होती, मी पायथ्याशी, हातात थर्मासची पिशवी. त्यांनी लेकीला हात जोडले. सलाइन लावलेला हात वर येईना, तर दुसऱ्या हातानं उचलून आणला.

“पोरी, तुझा डोळा मी घालवला.”

सुजातानं ते हात धरले. “नका ना हो बाबा. मी कधीच विसरले ते. माझ्या मनात काही नाही, शप्पथ.”

मी तिथं होतो. माझ्यापासून ते चार फुटांवर होते. शुद्धीत होते, ऐकू येत होतं. एक वाक्य पुरलं असतं. बाबा, तुम्ही थांबा म्हणाला होतात. एवढंच. पाच सेकंद लागले असते. सुजाता माझ्याकडे कशी बघेल, मुक्ताला काय कळेल, हे सगळं नंतरचं होतं. तेव्हा फक्त ते एक वाक्य त्यांना द्यायचं होतं, जाण्यापूर्वी.

नर्स एक चिठ्ठी घेऊन आली, खालून इंजेक्शन आणा म्हणून. मी झडप घालून चिठ्ठी घेतली. खाली मेडिकलमध्ये रांग होती. माझा नंबर आला तेव्हा मी मागच्या बाईला पुढे जाऊ दिलं. मग तिच्या मागच्या माणसालाही. इंजेक्शन तातडीचं नाही हे मला माहीत होतं, असं म्हणू? नव्हतं माहीत. मी विचारलं नव्हतं. मी वर गेलो तेव्हा मास्क पुन्हा लावलेला होता आणि ते झोपले होते. संध्याकाळपर्यंत अधूनमधून डोळे उघडत होते. मी खिडकीशी उभा राहून मोबाइल बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजाताचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. ती रडत सांगत होती, आणि माझ्या मनात पहिला शब्द आला तो असा – सुटलो. मी कुणाला हे सांगितलं नसतं, पण आता एवढं सांगितलंय तर हेही घ्या. दुःख नंतर आलं. आधी सुटलो असं वाटलं.

सुटलो नाही, हे सांगायला नको.

वर्षश्राद्धाला साताऱ्याहून सुजाताची आत्या आली होती, बाबांची धाकटी बहीण. जेवायला आम्ही सगळे खाली बसलो होतो, सुजाता वाढत होती. आत्या जुन्या आठवणी काढत होत्या, दादा लहानपणी मोटेची चाकं कशी दुरुस्त करायचा, वगैरे. मग त्या म्हणाल्या, “एवढा हुशार हात, शेवटी शेवटी कसं झालं गं त्याचं?”

सुजातानं आमटीची पळी भांड्यात ठेवली. माझ्याकडे बघितलं, त्या एका डोळ्यानं, आणि त्यात इतकी माया होती की मी ताटाकडे मान घातली.

“विसरायला लागले होते आत्या,” ती म्हणाली. “पण एक सांगते, ह्यांनी बाबांना कधी एका शब्दानं दुखावलं नाही. एवढं सगळं होऊनसुद्धा. सख्खा मुलगा असता तर बोलला असता.”

आत्यांनी डोळ्यांना पदर लावला. मुक्ता, आता मोठी झालेली, माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी ताट पुढे केलं आणि म्हणालो, “थोडा भात वाढ.”

तिनं वाढला. मी जेवलो.